‘झुलू’ चित्रपट आणि एका आचाऱ्याची अब्रू

गेल्या महिन्यांत एका शनिवारीं रात्रीं जेवणेंखाणें आटोपल्यावर आमच्या घरांतील सर्व मंडळींनीं एकत्र बसून एक जुना इंग्रजी बोलपट पाहिला. आमचा थोरला नातू महाविद्यालयांत इतिहास शिकतो. आग्रह त्याचा होता. एरवीं नऊ वाजतां अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या आमच्या वहिनी त्या दिवशीं साडेअकरापर्यंत जाग्या राहिल्या, यावरून त्या बोलपटाची पकड वाचकांच्या ध्यानीं यावी. बोलपटाचें नांव ‘झुलू’. तो 1964 सालचा असून साय एंडफील्ड हे त्याचे दिग्दर्शक होत. दक्षिण आफ्रिकेंतील रोर्क्स ड्रिफ्ट येथील वेढ्याची कथा त्यांत आहे. बोलपट संपल्यावर जो वाद सुरू झाला तो दुसऱ्या दिवशीं दुपारच्या चहापर्यंत पुरला. त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आलें, म्हणून हें लिहीत आहों.

प्रथम, घडलें तें काय, हें थोडक्यांत सांगूं. 1879 च्या जानेवारींत इंग्रजांनीं झुलू लोकांच्या राज्यावर स्वारी केली. स्वारीचें निमित्त ओढूनताणून आणलेलें होतें. राजा सेच्वायो याला मान्य करतां येणार नाहींत अशाच अटी त्याच्यापुढें टाकून, मुदत संपतांच सैन्य सरहद्दीपलीकडे नेण्यांत आलें. 22 जानेवारी रोजीं इसांडल्वाना येथील इंग्रजी छावणीवर सुमारें 20,000 झुलू योद्धे तुटून पडले, आणि इंग्रजांकडील 1,300 हून अधिक माणसें एका दिवसांत कापलीं गेलीं. तेथून पंधरा-सोळा किलोमीटरांवर बफेलो नदीचा एक उतार आहे. रोर्क नांवाच्या व्यापाऱ्यावरून त्याला रोर्क्स ड्रिफ्ट म्हणत. त्या उताराजवळ एका स्वीडिश मिशनऱ्याचें ठाणें होतें; त्याच्या घराचें इंग्रजांनीं इस्पितळ केलें होतें आणि प्रार्थनेच्या इमारतीचें कोठार. माणसें सुमारें 150, त्यांतील तीस-पस्तीस अंथरुणाला खिळलेलीं. त्याच दिवशीं दुपारीं साडेचारच्या सुमारास, इसांडल्वानाच्या मुख्य लढाईंत भाग न मिळालेल्या झुलू पलटणी, म्हणजे तीन ते चार हजार योद्धे, राजाचा सावत्र भाऊ दाबुलामान्झी याच्या नेतृत्वाखालीं या ठाण्यावर चालून आल्या. वास्तविक नदी ओलांडून इंग्रजांच्या हद्दींत शिरूं नये अशी राजाची आज्ञा होती. पण लढाईवांचून परत जावयाचें म्हणजे तोंड दाखविण्यास जागा नाहीं, असें त्या पलटणींना वाटलें असावें.

मक्याचीं पोतीं आणि बिस्किटांच्या पेट्या रचून केलेल्या छातीइतक्या भिंतीआडून इंग्रज शिपाई पहांटेपर्यंत लढले. इस्पितळाचें गवती छप्पर पेटलें. जवळ 20,000 काडतुसें होतीं. सकाळीं सुमारें 900 उरलीं. इंग्रजांचीं 17 माणसें गेलीं, आणि झुलूंचीं 351 प्रेतें पुरल्याची नोंद आहे. अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वेढा म्हटला कीं आपल्याला महिनोन्‌महिने अडकलेली शिबंदी आणि संपत आलेलें धान्य आठवतें. हा वेढा अवघ्या बारा तासांचा. परंतु त्या बारा तासांत मनुष्यस्वभावाचे जितके रंग दिसले तितके वर्षभराच्या वेढ्यांतही दिसत नसतील.

आतां अभिनयाकडे वळूं, कारण तेथें आम्हांला स्तुतीच करावयाची आहे. इंग्रज नटांचा एक गुण आम्हांस फार दिवसांपासून आवडतो. वीररस दाखवावयाचा म्हणजे डोळे वटारून ओरडावयाचें, असें ते समजत नाहींत. या बोलपटांत स्टॅन्ले बेकर यांनीं लेफ्टनंट चार्ड या इंजिनियर अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. चार्ड पूल बांधण्यास आलेला मनुष्य. हुकूम सोडण्याची संवय नाहीं, आणि आयत्या वेळीं सर्वांत जुना अधिकारी म्हणून सर्व भार त्याच्या शिरावर पडतो. बेकर हें सर्व जबड्याच्या ताठरपणानें आणि तुटक वाक्यांनीं दाखवितात. दुसरा अधिकारी ब्रॉमहेड. त्याच्या भूमिकेंत मायकेल केन. केन हे लंडनच्या मासळीबाजारांत ओझीं वाहणाऱ्या हमालाचे चिरंजीव, आणि ही त्यांची पहिली महत्त्वाची भूमिका. तरी पिढीजात सरदारी घराण्यांतल्या मुलाचा तो किंचित् कंटाळलेला स्वर, ती हात मागें बांधून चालण्याची ढब, त्यांनीं अशी उचलली आहे कीं जन्म कोणत्या घरांत झाला याची शंकाही येऊं नये. सार्जंट बोर्न झालेले नायजेल ग्रीन आणि शस्त्रवैद्य रेनॉल्ड्स झालेले पॅट्रिक मगी हेही आपापल्या जागीं तोलाचे आहेत.

हल्ल्यापूर्वीचा भाग आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटला. शत्रू दिसत नाहीं. फक्त एक आवाज येतो, डोंगरापलीकडून आगगाडी जात असावी तसा. तो आवाज म्हणजे हजारों योद्धे ढालींवर भाले आपटीत येत आहेत. शिपाई एकमेकांकडे पाहत नाहींत. प्रत्येक जण पुढें पाहत राहतो. नंतर समोरच्या टेकडीच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसांची ओळ उभी राहते. येथें आमच्या वहिनींनीं हातांतील वाती वळण्याचें काम खालीं ठेवलें. भरतमुनींनीं ज्याला सात्त्विक अभिनय म्हटलें आहे, म्हणजे स्वेद, कंप, मुखाचा पालटलेला वर्ण, तो येथें पाहावा. शेवटींही विजयाचा जल्लोष नाहीं. ब्रॉमहेडला झाल्या प्रकाराची किळस येते आणि लाज वाटते. चार्डची अवस्थाही तीच. युद्धाच्या बोलपटांत विजयी पक्षाकडून इतका कमी गर्व आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

झुलूंच्या बाजूचा अभिनय कसा, हा प्रश्न आमच्या धाकट्या सूनबाईंनीं विचारला आणि आम्ही निरुत्तर झालों. अभिनय आहे, पण तो समूहाचा. शेंकडों झुलू माणसें त्यांत आहेत, आणि त्यांचें चालून येणें, मागें हटणें, पुन्हां येणें हें सर्व विलक्षण शिस्तीचें आहे. मात्र त्या योद्ध्यांपैकीं कोणाचें नांव प्रेक्षकाला कळत नाहीं, कोणाच्या मनांत काय चाललें आहे हें कळत नाहीं. सेनापति दाबुलामान्झी याचीही ओळख होत नाहीं. अपवाद राजा सेच्वायोचा. ती छोटी भूमिका मंगोसुथू बुथेलेझी यांनीं केली आहे. हे बुथेलेझी आईच्या बाजूनें प्रत्यक्ष सेच्वायोचे पणतू होते, आणि पुढें दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणांत मोठे पुढारी झाले. 2023 सालीं ते वारले. पणजोबांचें सोंग पणतूनें आणावें, हा योग कोणत्याही नाटकमंडळीला हेवा वाटावा असा आहे. परंतु त्या काळीं तेथें वर्णभेदाचे कायदे होते, आणि कांहीं खास खेळ वगळतां तेथील कृष्णवर्णीय लोकांना हा बोलपट पाहण्यास मनाई होती. ज्यांच्या पराक्रमावर बोलपट उभा, त्यांनींच तो पाहावयाचा नाहीं!

आतां इतिहासाकडे. आमच्या नातवानें एक वही भरून चुका काढल्या होत्या. तरुणांना या कामांत मोठा आनंद होतो. चित्रण झालें तें खऱ्या ठिकाणीं नव्हे, तर पुष्कळ दूर ड्राकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याशीं. त्यामुळें मागें भव्य कडे दिसतात, ते खऱ्या ठाण्यामागें नाहींत. मागच्या रांगेंतील कांहीं शिपायांच्या हातीं त्या काळीं अस्तित्वांतही नसलेल्या ली-एन्फील्ड बंदुका आहेत. झुलूंनीं इसांडल्वाना येथें लुटलेल्या बंदुका येथें चालविल्या असें दाखविलें आहे. पण या पलटणी तेथील लुटीला नव्हत्याच, त्यांच्याजवळ जुन्या बंदुका होत्या. शिपाई वेल्श गीत गाऊन झुलूंच्या रणगीताला उत्तर देतात, हा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. तो घडलेला नाहीं. पलटणीचें नांवही तेव्हां वॉरिकशायर परगण्याचें होतें, वेल्सचें नांव तिला 1881 सालीं मिळालें. सार्जंट बोर्न पडद्यावर प्रौढ, धिप्पाड, पलटणीचा बाप शोभेल असा आहे. प्रत्यक्षांत तो चोवीस वर्षांचा पोरगा होता. हाच बोर्न त्या रात्रींच्या लढवय्यांपैकीं सर्वांत शेवटीं वारला, तो 8 मे 1945 रोजीं, म्हणजे युरोपांतील दुसरें महायुद्ध संपलें त्याच दिवशीं.

या चुकांनीं आमच्या मनाला ओरखडाही उठला नाहीं. बंदुका व डोंगर हा आहार्याचा भाग झाला. गीताचें म्हणाल तर, दोन सैन्यांचें धैर्य एकमेकांसमोर उभें करण्याची ती नाटककाराची युक्ति आहे, आणि तिनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दहाव्या शतकांत दशरूपककार धनंजयानें स्पष्ट मुभा दिली आहे कीं प्रसिद्ध कथेंत जें नायकाला किंवा रसाला अनुचित असेल तें टाकावें किंवा निराळ्या रीतीनें रचावें. कालिदासानें तेंच केलें. महाभारतांतला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप मध्यें आणून त्या राजाची लाज राखली. भवभूतीनें सीतेचा वियोग शेवटीं मिटविला. भासाच्या नांवावर असलेल्या ऊरुभंगांत तर दुर्योधनासारख्यालाही मरतांना थोरवी दिली आहे. इतिहासाला धरून पाहतां हे सर्व दोषी ठरतील. परंतु या फेरफारांची दिशा पाहावी. त्यांनीं कोणाच्या तरी माथ्यावरचा डाग पुसला आहे.

‘झुलू’ बोलपटांत डाग लावला आहे, आणि तो हेन्री हूक या साध्या शिपायाला. बोलपटांतील हूक दारुडा, चोर, कामचुकार. आजाराचें सोंग घेऊन इस्पितळांत लोळणारा, अटकेंत असलेला मनुष्य. वेळ येतांच मात्र तो वाघासारखा लढतो. जेम्स बूथ या नटानें ही भूमिका इतकी चटकदार केली आहे कीं बोलपट संपल्यावर अधिकाऱ्यांपेक्षां हूकच आठवतो. खरा हूक ग्लॉस्टरशायरमधील चर्चम गांवचा, लढाईच्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचा, दारूला न शिवणारा, वर्तणुकीबद्दल चांगला शेरा असलेला शिपाई. तो इस्पितळांत होता, कारण रोग्यांसाठीं स्वयंपाक करण्याचें काम त्याला नेमून दिलेलें होतें. तो आचारी होता.

त्या रात्रीं त्यानें केलें तें असें. छप्पर पेटलेलें, खोल्याखोल्यांतून झुलू शिरत आहेत. जॉन विल्यम्स हा सोबती मातीच्या भिंतीला भोंक पाडी, आणि तें पुरेसें मोठें होईपर्यंत हूक संगीन घेऊन एकटा दार अडवी. मग रोग्यांना त्या भोंकांतून पलीकडच्या खोलींत ओढावयाचें, आणि तेथें पुन्हां पुढची भिंत. डोक्याला जखम झाली होती. शेवटच्या रोग्याचा गुडघा निखळलेला. त्याला ओढून काढतांना तो पुन्हां निखळला, पण मनुष्य वांचला. आणि सकाळीं? सेनापति लॉर्ड चेम्सफर्ड मदत घेऊन आले तेव्हां हा मनुष्य आजाऱ्यांसाठीं आणि जखमींसाठीं चहा करीत होता. त्याला बोलावणें आलें. डगला घालून येतों म्हणाला, तर आहेस तसा ये असा हुकूम; म्हणून बाह्या सरसावलेल्या, विजारीचे पट्टे लोंबत आहेत, अशा वेषांत तो सेनापतीपुढें उभा राहिला. हें त्यानें स्वतः पुढें सांगितलेलें आहे. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नंतर त्यानें लंडनला ब्रिटिश म्युझियममध्यें नोकरी केली आणि 1905 सालीं तो वारला. बोलपटाचा पहिला खेळ लंडनमध्यें 22 जानेवारी 1964 रोजीं, लढाईच्या पंचाऐंशीव्या वर्षदिनीं झाला. त्या खेळाला आलेल्या त्याच्या वयस्क मुली बापाचें तें चित्र पाहून मध्येंच उठून गेल्या, असें सांगतात.

येथें आमच्या घरांत दोन पक्ष झाले. नातवाचें म्हणणें, “आजोबा, सरळमार्गी माणूस शूर निघाला यांत नाट्य कोठें? पडलेला माणूस उठतो यांत नाट्य आहे. आणि शेवटीं प्रेक्षकाचें प्रेम त्यालाच मिळतें ना?” सूनबाईंनीं त्याचीच री ओढली. युक्तिवाद कच्चा नाहीं. पतित मनुष्याचा उद्धार हा विषय मोठा आहे, आणि त्यासाठीं लेखकाला एक दारुडा शिपाई हवा होता तर त्यानें तो खुशाल निर्माण करावयाचा. त्याला कोणतेंही नांव देतां आलें असतें. ज्याच्या मुली हयात आहेत अशाच माणसाचें नांव काय म्हणून घ्यावयाचें? चार्डची किंवा चेम्सफर्डची बदनामी केली तर त्यांच्या बाजूनें पुस्तकें लिहिणारे पुष्कळ निघतील. आचाऱ्याच्या बाजूनें कोण लिहिणार?

तीच गोष्ट कोठारावरच्या डाल्टन या अधिकाऱ्याची. ठाणें सोडून रोग्यांच्या गाड्या घेऊन उघड्यावर पळूं नये, येथेंच भिंत रचून लढावें, हा निर्णायक सल्ला या जुन्या, मुरलेल्या सार्जंटचा. बोलपटांत तो किरकोळ आणि थोडा हास्यास्पद झाला आहे. मिशनरी विट तर तिशींतला तरुण, त्याचीं मुलें लहान. पडद्यावर तो प्रौढ मुलीचा दारुडा बाप आहे. दारूचा आरोप करण्यांत या लेखकांचा हात सढळ दिसतो.

हें लिहितांना आम्ही स्वतः निर्दोष नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका लहान गांवच्या शाळेंत आम्ही इतिहास शिकवीत होतों. एका किल्ल्याच्या वेढ्याचा धडा होता. मुलें पेंगत होतीं. त्यांना जागें करण्यासाठीं आम्हीं दिंडी दरवाजावरच्या एका पहारेकऱ्यानें पैसे खाऊन कडी काढली, ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. त्याचें आडनांवही सांगितलें. तें आम्हीं कोठें वाचलें नव्हतें, कोणाच्या तरी तोंडून ऐकलें होतें, आणि आडनांव तर बोलण्याच्या भरांत आमच्याच जिभेवर आलें. वर्ग जागा झाला. तिसऱ्या बांकावर त्याच आडनांवाचा एक मुलगा होता, तो खालीं पाहूं लागला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचे वडील आमच्या दारीं आले. शेतकरी मनुष्य, रागावलेले नव्हते. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “गुरुजी, आमचं घराणं त्या गडाखालचंच आहे. हें कुठं लिहिलेलं आहे तेवढं दाखवा, म्हणजे मुलाला खरं काय तें सांगतां येईल.” आमच्याजवळ दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें. आम्हीं त्यांची क्षमा मागितली आणि त्याच दिवशीं वर्गांत उभे राहून तें वाक्य परत घेतलें. परंतु त्यापूर्वीं तीन वर्षें तीन तुकड्यांना आम्ही हीच गोष्ट सांगत आलों होतों. त्या मुलांना आतां कोठें गांठावयाचें?

म्हणून हूकच्या मुली उठून गेल्या हें ऐकतांच आम्हांला तिसरें बांक आठवलें.

बोलपटाच्या शेवटासंबंधींही थोडें बोललें पाहिजे. सकाळीं झुलू पुन्हां टेकडीवर येतात, आणि शूर शत्रूला मानवंदना देऊन निघून जातात. आमच्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. झुलू सकाळीं दिसले हें खरें. पण इंग्रजांची मदत येत होती आणि ते स्वतः थकलेले होते, म्हणून ते गेले. मानवंदना नाहीं. मागें जे जखमी झुलू पडलेले होते त्यांना इंग्रजांकडील लोकांनीं त्या दिवशीं ठार केलें. तें बोलपटांत कोठेंच नाहीं. हा फेरफार आम्ही गीताच्या प्रसंगाइतका निरुपद्रवी मानीत नाहीं. मानवंदना दाखविल्यानें झुलूंना मोठेपणा मिळतो असें वाटतें. परंतु मारले गेलेले ते जखमी तिच्याआड झांकले जातात, आणि इंग्रजांचीच लाज राखली जाते. दुर्वासाच्या शापानेंही दुष्यंताची लाज राखली होती, हा आक्षेप नातवानें लगेच घेतला. त्याला आम्हीं एवढेंच उत्तर दिलें कीं कालिदासाच्या शकुंतलेला शेवटीं न्याय मिळतो. या जखमींना दोन मिनिटें पडदाही मिळालेला नाहीं. नातवाचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. आमचेंही पुरतें झालेलें नाहीं.

इतकें असूनही बोलपट पाहूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. पुढल्या रविवारीं धाकट्या नातवंडांनीं हट्ट धरला, तेव्हां तो पुन्हां लावला. आरंभापूर्वीं आम्हीं त्यांना झुलूंच्या राज्याची, त्या जखमींची आणि हूक आचाऱ्याची खरी गोष्ट सांगितली. सहा वर्षांच्या नातीला त्यांतला चहाचा भाग फार आवडला. इस्पितळ पेटलें, भिंती फुटल्या, रोगी बाहेर आले, सकाळ झाली, हजेरी झाली, आणि पडद्यावर शेवटचीं अक्षरें येऊं लागलीं तशी ती आमच्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, त्यानें चहा केव्हां केला?”